फेकलेला घड

गेल्या ऑक्टोबरमधील एका शनिवारी जर्मनीतल्या राइनगाउ या द्राक्षप्रदेशातल्या एका उतारावर मी हातातला द्राक्षांचा घड जमिनीवर फेकला. घटना एवढीच आहे. ओळखीच्या एका कुटुंबाच्या बागेत तोडणीला हात कमी पडत होते. मी निफाड तालुक्यात वाढलेली. द्राक्षे तोडण्यात मला कोणी काही शिकवण्याची गरज नाही अशा तोऱ्यात मी राहते त्या माइन्स शहरातून सकाळच्या गाडीने जाऊन पोहोचले होते. कात्री घेतली, पहिल्या दोन ओळी झरझर संपवल्या आणि तिसऱ्या ओळीत पानांआड एक घड असा लागला की त्यातले निम्मे मणी जांभळट तपकिरी होऊन सुरकुतले होते आणि त्यांच्यावर राखेसारखी करडी लव चढली होती. डोक्यात काही विचार येण्याआधीच हाताने तो घड कापून पायाशी टाकला होता. कुजका मणी दिसला तर घडाबाहेर आणि कुजका घड दिसला तर बागेबाहेर, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवले जाते. मागच्या ओळीतून बागेचे मालक येत होते. सत्तरीचे गृहस्थ, गुडघे दुखतात म्हणून उतारावर तिरके चालणारे. ते थांबले, वाकले, घड उचलला, त्यावरची माती फुंकली आणि माझ्या मोठ्या बादलीच्या आत टांगलेल्या लहान बादलीत तो अलगद ठेवला. मग काही न बोलता पुढे निघून गेले.

ते रागावले असते तर बरे झाले असते.

ती लहान बादली कशासाठी आहे हे सकाळीच सर्वांना सांगितले होते. मीही ऐकले होते, पण ऐकलेले हातापर्यंत पोहोचले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत मालकांनी त्या बादलीतला एक मणी माझ्या तळहातावर ठेवला आणि खाऊन पाहण्यास सांगितले. तोंडात घालताना माझा चेहरा जसा झाला असेल तो पाहून त्यांची नात हसली. मणी दाताखाली फुटला नाही, चिकटला. आधी पाकात मुरलेल्या जर्दाळूची चव आली, मागोमाग मधाची, मग ओल्या मातीतल्या अळंबीचा वास नाकात चढला, आणि हे सगळे जड होऊन जिभेवर बसणार इतक्यात चिंचेसारख्या आंबटपणाने ते उचलून नेले. या कुजीला जर्मन भाषेत ‘एडलफॉयले’ म्हणतात. ‘फॉयले’ म्हणजे कुज आणि ‘एडल’ म्हणजे कुलीन, वरच्या प्रतीचे. रत्नाला इथे ‘एडलश्टाइन’ म्हणतात, सोन्यासारख्या धातूंना ‘एडलमेटाल’, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस स्टीलच्या पातेल्याच्या बुडावरही ‘एडलश्टाल’ असे कोरलेले आहे. रत्न, सोने, पातेले आणि बुरशी यांना एकाच विशेषणाखाली बसवणाऱ्या भाषेशी मी आठ वर्षे संसार करते आहे, तरी त्या दिवशी ती मला परकी वाटली.

संध्याकाळी मी त्या घडाचा फोटो नानांना पाठवला. वडिलांचे उत्तर दोन मिनिटांत आले: ‘फवारणी चुकली वाटतं यांची. किती एकर गेलं?’ गेले नाही, मुद्दाम ठेवले आहे, असे मी लिहिले. त्यावर बराच वेळ काही आले नाही. नंतर एक वाक्य आले: ‘मोठ्या लोकांचं बरं असतं.’

मी दहावीत होते तेव्हाचा फेब्रुवारी नानांच्या त्या वाक्यामागे उभा आहे, हे मला सांगावे लागत नाही. बागेत साखर भरली होती, व्यापारी येऊन भाव ठरवून गेला होता, दोन दिवसांत तोडणी लागणार होती आणि रात्री अवकाळी पाऊस आला. फार नव्हे, तासभर. सकाळी मणी तडकलेले होते. प्रत्येक मण्याच्या देठाजवळ नखाने चिरल्यासारखी बारीक रेघ. तिसऱ्या दिवशी बागेत आंबट वास पसरला, चिलटांचे ढग घडांभोवती फिरू लागले आणि व्यापाऱ्याचा फोन लागेनासा झाला. आई आणि आजी घडांतून तडकलेले मणी काढत बसल्या होत्या, पण एक काढला की त्याच्या रसाने शेजारचे चार चिकट होत. शेवटी जे वाचले ते बेदाण्याला गेले आणि उरलेले बांधावर ओतले. बांधावरच्या त्या ढिगाचा वास कितीतरी दिवस घरात येत होता. सोसायटीचे कर्ज पुढच्या वर्षात सरकले आणि माझे अकरावीचे नाशिकचे वसतिगृहही त्याबरोबर एक वर्ष पुढे सरकले. कुजीचा मला असलेला तिटकारा हा असा हिशेबात मांडता येण्यासारखा आहे. त्यामुळे कुणी तिला कुलीन म्हटले की पहिल्यांदा मला राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते.

लाज वाटण्याचे कारण असे की बांधावरची ती कुज आणि या बादलीतली कुज एक नव्हे. आमच्याकडे पावसाने फुटलेल्या मण्यात यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू शिरतात, रसाचा शिरका होतो. इथली बुरशी बोट्रायटिस सिनेरिया नावाची. ती न फुटलेल्या मण्याच्या सालीत आपले तंतू घुसवते, सालीला दिसणारही नाहीत अशी छिद्रे पडतात, आणि दुपार कोरडी असेल तर त्या छिद्रांतून मण्यातले पाणी उडून जाते. बुरशी थोडी साखर आणि थोडे आम्ल स्वतः खाते, पण पाणी त्याहून पुष्कळ जास्त जाते, म्हणून जे उरते ते घट्ट होत जाते. शिवाय तिच्यामुळे ग्लिसरॉल तयार होते, जिभेवरचा तो तेलकट मऊपणा काही अंशी त्याचाच. यासाठी हवा मात्र तिच्या मर्जीची लागते. राइनगाउच्या भागात राइन नदी, एरवी उत्तरेकडे जाणारी, पश्चिमेला वळते. त्यामुळे उत्तर काठावरचे उतार सबंध दक्षिणेकडे तोंड करून उभे राहतात आणि पाठीशी टाउनुसचे डोंगर थंड वारा अडवतात. शरदात पहाटे रुंद पात्रावरून धुके चढते, बुरशीला ओल मिळते. अकरा वाजता ऊन पडते, ओल सुकते. असे पंधरा-वीस दिवस ओळीने मिळाले तर मणी मध होतो. धुके आले आणि ऊन आलेच नाही, किंवा मणी पिकण्याआधीच बुरशी बसली, किंवा सलग पाऊस लागला, तर तीच बुरशी, त्याच नावाची, सगळ्या बागेचा चिखल करते. तेव्हा तिला कोणी ‘एडल’ म्हणत नाही. ‘ग्राउफॉयले’ म्हणतात, करडी कुज. नाव बुरशीच्या गुणांवरून पडत नाही, तर तिला मिळालेल्या दुपारींवरून पडते, हे कळल्यावर माझा राग थोडा निवला.

त्या बागेतून वर पाहिले की टेकडीवर योहानिसबर्गचा वाडा दिसतो. तिथल्या चौकात एका घोडेस्वाराचा पुतळा आहे. गोष्ट इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते: ही बाग तेव्हा फुल्डाच्या धर्माधिपतीच्या मालकीची होती आणि त्याची लेखी परवानगी आल्याशिवाय तोडणी सुरू करता येत नसे. १७७५ साली परवानगी आणायला गेलेला स्वार वेळेवर परतला नाही. का, ते कोणालाच ठाऊक नाही. तो येईपर्यंत रीसलिंग जातीची द्राक्षे वेलीवर सुकून कुजली होती, तरीही ती तोडून वाइन केली गेली आणि वसंतात पिंप उघडले तेव्हा चाखणारे थक्क झाले. उशिरा तोडणे, ‘श्पेटलेझे’, ही कल्पना इथून रूढ झाली असे सांगतात. हंगेरीतल्या टोकायमध्ये कुजक्या द्राक्षांची गोड वाइन त्याआधीच होत होती, तेव्हा ‘जगात पहिल्यांदा’ वगैरे मानायचे कारण नाही. मला त्या गोष्टीत खटकते ते निराळेच. पुतळा स्वाराचा आहे. उशीर करणाऱ्याचा. ज्यांनी ते आठवडे रोज सकाळी बागेत जाऊन एकेक घड खराब होताना पाहिला आणि वरून हुकूम नाही म्हणून कात्री लावली नाही, त्या माणसांना त्या रात्री झोप लागली असेल का, हे गोष्टीत नाही. व्यापाऱ्याच्या फोनची वाट पाहणारे नाना मला तिथे दिसतात. फरक इतकाच की योहानिसबर्गच्या माणसांचा निरोप अखेर आला.

त्या शनिवारनंतर मी सुट्टी मिळेल तसे आणखी तीनदा तिथे गेले. खरे सांगायचे तर प्रायश्चित्त म्हणून. शेवटच्या खेपेला मला फक्त लहान बादलीचे काम दिले होते. कुजलेल्या घडातूनही पूर्ण सुकलेले मणी तेवढे बोटांनी किंवा सुरीच्या टोकाने वेचायचे; अर्धवट ओले राहिलेले दुसऱ्या भांड्यात. वेचलेला मणी हा इथल्या वर्गवारीचा पायाच आहे. घड निवडून केली तर ‘आउसलेझे’, एकेक मणी निवडून केली तर ‘बेरेनआउसलेझे’, आणि बेदाण्यासारखे सुकलेले मणी निवडून केली तर ‘ट्रोकनबेरेनआउसलेझे’. या शब्दाची एक गंमत आहे. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, आणि जर्मन बाटलीवर नुसते ‘ट्रोकन’ लिहिलेले असले तर ती वाइन अजिबात गोड नाही असे समजायचे. पण या लांबलचक शब्दात कोरडा आहे तो मणी, आणि वाइन मात्र देशातल्या सर्वांत गोड वाइनपैकी. कोणती वाइन कोणत्या नावाला पात्र हे रसाच्या वजनावर ठरते. फोर्त्सहाइमचा फर्डिनांड एक्स्ले नावाचा सोनारकाम आणि यंत्रकाम करणारा कारागीर होता; त्याने एकोणिसाव्या शतकात रसात बुडवायचा जो काटा लोकप्रिय केला, त्याच्याच नावाने आजही अंश मोजतात. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. बेरेनआउसलेझेला प्रदेशानुसार ११० ते १२८ अंश लागतात, ट्रोकनबेरेनआउसलेझेला १५० ते १५४. आमच्या बागेत व्यापारी रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून उजेडाकडे धरतो आणि १८ ब्रिक्स दिसले की मान हलवतो; त्याच मापात हे १५० अंश पस्तिशीच्या आसपास जातात. नानांना मी हा आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘मग ते द्राक्ष कसलं, ती काकवी.’

काकवीच म्हणायला हवी. दिवसभर चार माणसांनी वेचलेले मणी दाबयंत्रात घातले तेव्हा पहिला काही वेळ काहीच आले नाही. मग खालच्या नळीच्या तोंडाशी एक तपकिरी थेंब लोंबू लागला, लोंबतच राहिला, आणि आम्ही सगळे गाय व्यायला बसल्यासारखे गप्प उभे होतो. पुढचे काम यीस्टचे, आणि तेही तिला धड जमत नाही. एरवी यीस्ट साखर खात जाते, मद्यार्क करत जाते आणि साखर संपली की थांबते. इथे साखर इतकी दाट असते की ती यीस्टच्याच पेशीतले पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने तळघरातल्या गारव्यात ती हळूहळू बुडबुडे सोडत राहते आणि सहा-सात टक्के मद्यार्कापाशी कधीतरी दमून थांबते. कायद्यानेही या वाइनला साडेपाच टक्के पुरतात. साध्या गोड वाइनमध्ये मालकाला रस थंड करून, गाळून, गंधकाची मात्रा देऊन यीस्टला मुद्दाम थांबवावे लागते. स्वस्त बाटल्यांत तर कोरड्या झालेल्या वाइनमध्ये न आंबवलेला द्राक्षरस शेवटी मिसळून गोडी आणतात. ते कायदेशीर आहे आणि पिण्यास वाईटही नसते, पण तळघरात त्याचा विषय निघाला की मालक घसा खाकरतात. ट्रोकनबेरेनआउसलेझेत मात्र कुणी थांबवायला लागत नाही. गोडी हीच तिथे यीस्टच्या वाटेतली भिंत असते. तळघरात पिंपाला कान लावला तेव्हा आतून फार अंतराने एकेक टिचकी ऐकू येत होती.

कुजीशिवायही एक वाट आहे, थंडीची. बिंगेनजवळच्या ड्रोमर्सहाइम गावात १८२९ सालचा हंगाम इतका वाईट होता की द्राक्षे वेलीवरच सोडून दिली होती. फेब्रुवारी १८३० मध्ये गुरांना घालण्यासाठी ती गोठलेलीच तोडली तेव्हा दाबल्यावर निघालेला रस विलक्षण गोड असल्याचे लक्षात आले. आइसवाइन ती हीच. उणे सात अंश किंवा त्याखाली तापमान गेले की रात्रीच फोन होतात, माणसे कपाळाला दिवे बांधून पहाटेच्या अंधारात तोडणी करतात आणि मणी वितळण्याआधी दाबून घेतात. पाण्याचा बर्फ यंत्रात राहतो आणि पाक तेवढा बाहेर येतो. शीतकपाटात गोठवलेली द्राक्षे इथे चालत नाहीत. हे ऐकताना मला निफाडची थंडी आठवत होती. पारा तीन-चार अंशांवर उतरला की आमच्याकडे रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे विहिरीचे कोमट पाणी सोडतात, कारण साखर भरलेला मणी थंडीनेही तडकतो. एकाच रात्रीसाठी एक शेतकरी जाळ करून बसतो आणि दुसरा आणखी चार अंश उतरू देत म्हणून खिडकीशी बसतो. त्या दुसऱ्याचेही दिवस आता सरळ राहिलेले नाहीत. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या तेराही द्राक्षप्रदेशांत कोठेच पुरेशी थंडी पडली नाही आणि देशभरात आइसवाइन झालीच नाही. आमच्या मालकांनी त्या वर्षी दोन ओळी राखल्या होत्या. जाळी लावून, पाखरांपासून जपून. फेब्रुवारी सरला तेव्हा काय केले, असे मी विचारले. ‘पाखरांना सोडली,’ ते म्हणाले.

दोन ओळी. माझ्या मनात अडकलेली गाठ इथे थोडी सैल होते आणि दुसरीकडे घट्ट होते. त्यांच्या बागेतला बहुतेक माल सप्टेंबरातच तोडून झालेला असतो, त्याची कोरडी वाइन होते आणि घर तिच्यावर चालते. जुगार खेळायचा तो उरलेल्या दोन-चार ओळींवर. तो लागला तर अर्ध्या बाटलीला, म्हणजे ३७५ मिलिलिटरला, भरपूर पैसे मिळतात. जार नदीच्या खोऱ्यातल्या एगोन म्युलर यांच्या शार्त्सहोफबर्गर बागेच्या २००३ सालच्या ट्रोकनबेरेनआउसलेझेला २०१५ मध्ये ट्रियरच्या लिलावात एका बाटलीला १२,००० युरोंची बोली लागली होती. पण त्या मोजक्या नावांच्या बाहेर गोड वाइनला इथे आता फारसे कोणी विचारत नाही. माझे जर्मन सहकारी ‘गोड’ म्हटले की आजीबाईंच्या कपाटातल्या बाटलीची आठवण काढून नाक मुरडतात. स्वस्त गोड बाटल्यांनी ही अवकळा आणली आणि १९८५ साली ऑस्ट्रियन वाइनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघड झाले, जर्मनीतल्याही काही मालात ती वाइन सापडली, तेव्हा उरलासुरला विश्वास गेला. मालकांचा मुलगा म्हणतो, या दोन ओळींचा हिशेब कधीच जुळत नाही. वडील म्हणतात, हिशेबासाठी बाकीच्या ओळी आहेत. नानांकडे बाकीच्या ओळी नव्हत्या. सगळी बाग एकाच तारखेला, एकाच व्यापाऱ्याला, आणि तोही मण्याचा रंग, आकार, चकाकी पाहून घेणारा. आतल्या रसाचे पुढे काय होते याच्याशी त्याचा संबंध नाही. दिसण्यावर विकल्या जाणाऱ्या द्राक्षाला कुजण्याची सवलत मिळत नाही. मार्चमध्ये माइन्सच्या दुकानात भारतातून आलेली द्राक्षे अर्ध्या किलोच्या प्लॅस्टिकच्या डब्यात दिसतात, एकेक मणी सारख्या मापाचा, डाग नसलेला. तो डबा हातात घेतला की त्यामागची थिनिंगची म्हणजे मणी विरळ करण्याची, डिपिंगची म्हणजे घड संजीवकात बुडवण्याची, फवारण्यांची सगळी बोटे मला दिसतात. विकत मात्र मी तो क्वचितच घेते. का, ते मला नीट सांगता येत नाही.

जानेवारीत गावी गेले तेव्हा मालकांनी एक जुनी अर्धी बाटली कपड्यांत गुंडाळून दिली होती. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत; ‘तुमच्या वडिलांना, एका बागवाल्याकडून’ असे म्हणाले. नाना माळकरी आहेत, घेणार नाहीत हे मला ठाऊक होते, पण तसे सांगून ती परत करणेही बरे दिसले नसते. संध्याकाळी बागेतून येऊन, हातपाय धुऊन नाना ओट्यावर बसले तेव्हा मी पेल्यात दोन घोट ओतले आणि नुसता वास घ्या म्हटले. रंग जुन्या साजूक तुपासारखा होता. त्यांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि पुष्कळ वेळ तसाच धरला.

‘बेदाण्याची शेड,’ ते म्हणाले. ‘दुपारची. धुरी दिल्यानंतरची.’

मग प्रश्न सुरू झाले. शेडवर वाळवतात का वेलीवर? वेलीवर. मग पाखरं? जाळी लावतात. रानडुकरं? तीही येतात. आणि ऐन वेळी पाऊस लागला तर? मग जातं, मी म्हटले. नानांनी मान हलवली, पेला पुन्हा एकदा नाकाशी नेला आणि माझ्याकडे परत दिला. आई आतून म्हणाली, ‘देवघरासमोर ठेवू नका गं ते.’ मी पेला उचलून आत निघाले तेवढ्यात त्यांनी माझा फोन मागितला. ऑक्टोबरमधला तो फोटो काढून घेतला, चश्मा वर करून, दोन बोटांनी मोठा करून, घड इकडून तिकडे सरकवत पाहिला. देठापासून टोकापर्यंत. माल पाहताना पाहतात तसा.

‘ते राहू दे सगळं,’ ते म्हणाले, ‘पण मी असतो तर हा घड मीही फेकलाच असता.’